हिशेबात न बसणारा हॉप

ज्या राज्यात मद्यनिर्मितीचे परवाने आजही १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयेच दिले जातात, त्या राज्यात बिअरच्या कारखान्यात रसायनज्ञ म्हणून उभी हयात घालविलेल्या मनुष्याने आपल्या व्यवसायाविषयी चारचौघांत फारसे बोलू नये, असा एक अलिखित दंडक आमच्या पिढीत होता, आणि तो मीही बिनतक्रार पाळला. लग्नकार्यात कोणी चौकशी केलीच, तर ‘औरंगाबादेस एका केमिकल कंपनीत असतो’ एवढे सांगून पाहुण्यांना पाण्याच्या टंचाईकडे वळवावे, अशी रीत होती. आता सेवानिवृत्तीनंतर हा दंडक मोडावयास प्रत्यवाय नाही. परंतु मोडावयाचाच तर मालकांच्या किंवा अबकारी खात्याच्या गोष्टी सांगण्याकरिता न मोडता, ज्या एका वनस्पतीने माझ्या चाकरीच्या रुक्ष वर्षांना खरी रुची आणली तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याकरिता मोडावा, असे मनात आले. ती वनस्पती म्हणजे हॉप. आणि हॉपच्या अनेकानेक जातींपैकीही ती एक, जी बोहेमियातील झाटेत्स नामक गावाभोवती पिकते आणि जिला आम्ही कारखान्यात साझ म्हणत असू.

हॉप हा वेल आहे. त्याचे शास्त्रीय नाव ह्युम्युलस ल्युप्युलस, आणि कुळ गांजाचे. ही दुसरी गोष्ट मी घरी कधीच उघड केली नाही, कारण आधीच बदनाम असलेल्या धंद्यास आणखी एक बदनाम नातलग जोडून देण्यात काही शहाणपण नव्हते. नर व मादी वेल पृथक असतात, आणि मद्यकारास हवे असतात ते मादी वेलावर धरणारे, अंगठ्याच्या पेराएवढे, फिकट हिरव्या पापुद्र्यांचे शंकू. पापुद्रा उलगडून पाहिला, तर त्याच्या बुडाशी पिवळ्या भुकटीचे कण चिकटलेले दिसतात. ह्या भुकटीस ल्युप्युलिन म्हणतात, आणि हॉपचे सारे मोल तिच्यात आहे: एक राळ, आणि एक सुगंधी तेल. राळेतील अल्फा आम्ले मूळ रूपात पाण्यात जेमतेम विरघळतात. परंतु माल्टच्या काढ्यात, ज्याला वर्ट म्हणतात त्यात, तासभर उकळली म्हणजे त्यांची अंतर्रचना पालटते आणि मग ती विरघळून बिअरला कडवटपणा देतात, तिचा फेस टिकवितात, व कित्येक जिवाणूंस अटकाव करतात. तेलाची गोष्ट उलट. जितके उकळावे तितके ते वाफेबरोबर निघून जाते. एकाच फुलातील दोन गुण असे परस्परांचे वैरी असल्यामुळे, हॉप केव्हा टाकावा ह्या एका प्रश्नातच मद्यकाराची निम्मी विद्या सामावलेली आहे.

मी नोकरीस लागलो तेव्हा मात्र आमच्या कारखान्यात हा प्रश्न कोणास पडत नसे. आमची बिअर गोडसर, फिकी आणि, खपाच्या दृष्टीने पाहता, बहुतांशी ‘स्ट्राँग’ ह्या सदरात मोडणारी. तिला लागणारा कडवटपणा यथातथाच. खरेदी-खात्याचे प्रमुख हे अत्यंत सचोटीचे गृहस्थ होते, आणि त्यांच्या दप्तरी हॉप हा पदार्थ किलोच्या भावाने न मांडता त्यातील अल्फा आम्लाच्या भावाने मांडला जाई. त्यांचा हिशेब बिनचूक होता. शंभर लिटर बिअरमध्ये १५ एकके कडवटपणा उतरवायचा आणि उकळीत घातलेल्या आम्लापैकी सुमारे ३० टक्केच कामी येते असे धरायचे, तर ५ ग्रॅम अल्फा आम्ल लागते. ज्या जातीत ते १४ टक्के असते, तिचे ३६ ग्रॅम पुरतात. साझमध्ये ते अडीच ते साडेचार टक्क्यांच्या दरम्यान असते. साडेतीन धरले तरी १४३ ग्रॅम घालावे लागतात. शिवाय साझचे पीक हेक्टरी टनाच्या आसपास, म्हणजे नव्या कडू जातींच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी, त्यामुळे किलोचा भावही चढा. ‘अहो साहेब, चौपट माल घ्यायचा, तोही महाग, आणि बाटलीत कडूपणा तेवढाच, हे मी वर कोणत्या तोंडाने मंजूर करून घेऊ?’ असे ते मला विचारीत, आणि त्यांच्या कोष्टकात माझ्याजवळ त्याला उत्तर नसे.

उत्तर कोष्टकाबाहेर होते, आणि ते मिळण्याचा योग पुढे आला. निर्यातीसाठी एक पिल्सनर धर्तीची बिअर काढण्याचा निर्णय झाला, आणि तिच्याकरिता हॉप पाहून, हुंगून, निवडून आणण्याच्या कामी ऐन तोडणीच्या हंगामात मला झाटेत्सला पाठविण्यात आले.

प्रागच्या वायव्येस, ओहर्झे नदीच्या खोऱ्यात हा मुलूख पसरला आहे. पश्चिमेकडून येणारे ढग क्रुश्ने पर्वतरांगेवर आपले पाणी रिते करून येतात, त्यामुळे येथे पर्जन्यछाया आहे आणि वर्षाकाठी पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. मराठवाड्यातून गेलेल्या माणसास हा आकडा ऐकून आपल्याच जिल्ह्यात, अवर्षणाच्या वर्षी, आल्यासारखे वाटावे. फरक एवढाच की, तेथील माती लोहमिश्रित, तांबूस, ओल धरून ठेवणारी, आणि उन्हाळ्यातील दिवस इतके लांब की रात्र कधी झाली ते कळू नये. ह्या लांब दिवसांवाचून हॉपला गत्यंतर नाही. म्हणूनच आपल्या दख्खनवर तो मनासारखा फुलत नाही, आणि भारतात त्याची लागवड झाली ती हिमाचलातील लाहौलसारख्या उंच व थंड खोऱ्यात.

मळा प्रथम पाहिला तेव्हा तो मळा आहे हेच ध्यानात आले नाही. सुमारे सात मीटर उंचीचे खांब, त्यांच्या माथ्यावर तारांचे जाळे, आणि त्या जाळ्यापासून जमिनीपर्यंत उतरलेल्या प्रत्येक तारेवर चढत गेलेली हिरवी भिंत. मधल्या सरीतून चालताना आकाशाची एक पट्टी तेवढी दिसते. ही तार दर वसंत ऋतूत नव्याने बांधावी लागते आणि जमिनीतून फुटलेल्या अनेक कोंबांपैकी दोन-तीनच निवडून, हाताने तिच्याभोवती वळवून द्यावे लागतात. वेल तारेला नेहमी प्रदक्षिणेच्याच दिशेने विळखे घालतो. उलट वळविला, तर तो आपला आपण सुटून खाली लोंबतो. माझ्याबरोबरच्या वृद्ध शेतकऱ्याने एक वेल बोटांनी बाजूस करून त्याची कांडी मला दाखविली. हिरव्या कांडीवर तांबूस छटा होती, आणि हात फिरवताच बारीक आकड्यांनी कातडी ओरखडली गेली. ह्या तांबड्या कांडीवरूनच जातीची ओळख पटते. चेक भाषेतील तिच्या पूर्ण नावाचा आशयही ‘झाटेत्सचा मध्यम-हळवा तांबडा’ असाच आहे.

ही जात कोणी प्रयोगशाळेत घडविलेली नाही. शतकानुशतके ह्या मुलुखात जो वेल लावला जात होता, त्यातूनच कारेल ओस्वाल्ड नामक संशोधकाने १९२७ पासून उत्तम वेल निवडण्यास आरंभ केला, आणि त्याने वेगळे काढलेले ३१, ७२ व ११४ ह्या क्रमांकांचे वाण आजही साझ ह्या नावाने मळ्यांत उभे आहेत. हॉपची अभिवृद्धी मुळांच्या कलमांनी होत असल्याने, एकदा चांगला वेल सापडला की त्याची तंतोतंत प्रतिकृती पिढ्यानुपिढ्या चालविता येते. आणि हेच कारण की, आज आपण ज्या साझचा वास घेतो तो ओस्वाल्डने हुंगलेल्या वासाहून फारसा निराळा नसावा.

त्या वृद्ध गृहस्थाने तोडणीच्या जुन्या दिवसांविषयी पुष्कळ सांगितले. वेलाचे शंकू हाताने खुडीत, आणि त्याकरिता समाजवादी राजवटीत शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींच्या तुकड्याच्या तुकड्या सरकारी हुकमाने मळ्यांवर येत. त्या जीवनावर १९६४ साली एक संगीतपटही निघाला, तो त्याला तोंडपाठ होता. आता वेल मुळाजवळ व माथ्याशी कापून ट्रॉलीत घालतात आणि शेडमधील यंत्र शंकू वेगळे करते. तेथून ते वाळवणीच्या पट्ट्यांवर जातात. ताज्या शंकूत तीन-चतुर्थांशांहून अधिक पाणी असते. ते ५५ अंशांच्या आसपासच्या उष्ण हवेने दहा-अकरा टक्क्यांवर आणावयाचे, आणि उष्णता त्याहून फार चढू द्यावयाची नाही, कारण मग ज्या तेलाकरिता हा सारा खटाटोप तेच निघून जाते. झाटेत्स गावात जुन्या वखारींची उंच धुरांडी आजही उभी आहेत. तेथे पूर्वी हॉपला गंधकाची धुरी देत. २०२३ साली युनेस्कोने हे गाव व आसपासचे मळे जागतिक वारसा म्हणून नोंदविले, त्यात ह्या धुरांड्यांचाही वाटा आहे.

हॉप निवडण्याची रीत यंत्रयुगातही बदललेली नाही. निळ्या कागदावर नमुन्याचा चौकोनी ठोकळा ठेवतात. प्रथम रंग पाहावयाचा, मग तो मोडून आतील ल्युप्युलिन पिवळे आहे की नारिंगी पडले आहे ते पाहावयाचे, आणि शेवटी दोन मुठी शंकू तळहातांत धरून, पापुद्र्यांचा चुरा होऊन हात गरम होईपर्यंत जोराने चोळावयाचे व ओंजळीत नाक घालावयाचे. पहिल्या श्वासात केवळ सुक्या गवताचा वास आला आणि मी, खरे सांगावयाचे तर, किंचित निराश झालो. कारण अमेरिकन जातींची ओंजळ संत्र्यामोसंब्यांच्या वासाने माणसावर चालून येते, तसे येथे काहीच घडले नाही. मग दुसऱ्यांदा चोळले, थांबलो, आणि सावकाश एक थंड, मातकट, मिरीची किंचित झाक असलेला, कुठल्याशा औषधी पाल्याचा गंध वर आला आणि तो रेंगाळत राहिला. हाताला राळेचा चिकट थर बसला होता. साबणाने तो निघाला नाही, आणि दुपारी जेवताना पावाचा प्रत्येक घास कडू लागला.

ह्या गंधाचे रसायन परतल्यावर मी आमच्या प्रयोगशाळेत पुष्कळ धुंडाळले. साझमध्ये तेल मुळात कमी: शंभर ग्रॅमला अर्धा ते पाऊण मिलिलिटर. परंतु त्या तेलाची घटना विशेष आहे. उग्र, हिरवट वासाचे मिर्सिन त्यात तुलनेने बेताचे, ह्युम्युलिन पुरेसे, आणि फार्नेसिन नामक द्रव्य तब्बल १४ ते २० टक्के, जे बहुसंख्य जातींत नाममात्र असते. गंमत अशी की, हॉपच्या पानांवरील मावा हा कीटक संकटात सापडला म्हणजे आपल्या जातभाईंना पळण्याचा इशारा देण्याकरिता जे द्रव्य सोडतो, तेही हेच फार्नेसिन होय. हॉपने आपल्या शत्रूच्या धोक्याच्या हाकेचाच अर्क बनवून अंगात साठविला आहे. पाठ्यपुस्तकांत असेही छापलेले असते की, साझच्या अल्फा आम्लांत कोह्युम्युलोन ह्या घटकाचे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपासच असल्याने त्याचा कडवटपणा मऊ लागतो. हे मला कधीच पुरते पटले नाही. माझ्या मते त्या मऊपणाचे श्रेय, आमचे खरेदीप्रमुख ज्याला अपव्यय म्हणत, त्या चौपट पाल्यालाच अधिक आहे: समान कडवटपणासाठी साझचा जो मोठा भार कढईत पडतो, त्याबरोबर पापुद्र्यांतील टॅनिनेही येतात, आणि ती जिभेवर कडवटपणाला एक भरीवपणा, एक अंग देतात. तीच टॅनिने पुढे प्रथिनांशी जोडी जमवून बिअर गढूळ करतात, हेही खरे. त्याची तजवीज गाळणीत व थंड टाकीत करावी लागते.

वापराच्या दृष्टीने साझचे घर म्हणजे पिल्सनर. झाटेत्सहून फार दूर नसलेल्या पिल्झेन शहरात, १८३८ साली नागरिकांनी नासकी बिअर भर चौकात ओतून दिल्यावर नवा कारखाना उभारण्यात आला, आणि योझेफ ग्रोल ह्या बव्हेरियन मद्यकाराने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी तेथे पहिला घाणा चढविला. फिकट माल्ट, जवळजवळ क्षारहीन असे पाणी, थंडीत संथपणे काम करणारे यीस्ट, आणि साझ: ह्या चौघांच्या योगातून जी सोनेरी बिअर निघाली, तिचीच दूरची व क्षीण वंशज आज जगभर लागर म्हणून विकली जाते. चेक परंपरेत हॉप तीन हप्त्यांत घालतात. पहिला उकळीच्या आरंभी, कडवटपणाकरिता, दुसरा मध्ये, आणि तिसरा अखेरीस, गंधाकरिता, आमटी उतरविताना वर कोथिंबीर टाकावी तसा. आम्ही आमच्या निर्यातीच्या बिअरमध्ये ह्यात थोडी तडजोड केली. आरंभीचा हप्ता कडू जातीचा घातला, आणि साझ शेवटच्या पंधरा मिनिटांत व उकळी थांबल्यावर भोवऱ्याच्या टाकीत, अशा दोन वेळी दिला. त्यायोगे खरेदी-खात्याचाही मान राहिला.

पाण्याचा प्रश्न मात्र तडजोडीने सुटणारा नव्हता. जायकवाडीचे पाणी जसे येई तसे वापरले असते, तर त्यातील क्षारांनी साझचा कडवटपणा जिभेच्या मुळाशी खरखरीत होऊन बसला असता; म्हणून ते आरओ यंत्रातून काढून, हवे तेवढेच कॅल्शियम परत घालावे लागे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात तेथे पिल्झेनचे पाणी कृत्रिमरीत्या तयार करण्यात काही विसंगती आहे, ह्याची जाणीव आम्हांस नव्हती असे नाही. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाने मराठवाड्यातील मद्यकारखान्यांचे पाणी निम्म्याहूनही खाली आणले, तेव्हा ती जाणीव सगळ्यांनाच झाली.

साझविषयी आणखी एक धडा आम्हांस हवामानाने दिला. हा हॉप साठवणीत नाजूक आहे. दाबून त्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, करून, हवा काढलेल्या अॅल्युमिनियमच्या पाकिटांत भरून तो शीतगृहात शून्य ते चार अंशांवर ठेवला, तर वर्ष-दोन वर्षे सुस्थितीत राहतो, एरव्ही नाही. एका वर्षी ऐन वैशाखात आमचा माल कागदपत्रांच्या काही घोळात बंदरावरच अडकून पडला, आणि साध्या कंटेनरमध्ये, उन्हात, आठवडेच्या आठवडे तापत राहिला. तो कारखान्यात आल्यावर भांडारातील मामांनी पाकीट फोडले, वास घेतला, आणि पाकीट माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘साहेब, ह्याला तर पावसाळ्यातल्या मोज्याचा वास येतोय.’ मामांनी रसायनशास्त्र शिकले नव्हते. पण राळ हवेने कुजली म्हणजे आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होते आणि त्याचा वास हुबेहूब तोच असतो. विमा, पंचनामा, पत्रव्यवहार हे सारे यथासांग झाले. माल मात्र फेकून द्यावा लागला, आणि त्या हंगामातील निर्यात आम्हांस रद्द करावी लागली.

ज्या दाखल्यांच्या घोळापायी हे झाले, त्या दाखल्यांविषयी मात्र माझ्या मनात आदरच आहे. झाटेत्सचा हॉप केवळ व्यापाऱ्याच्या शब्दावर विकला जात नाही. चेक देशात १९९६ चा हॉप-संरक्षण कायदा आहे. तदन्वये प्रत्येक पोत्यावर पिकाचे वर्ष, जात व प्रांत ह्यांची नोंद होऊन सरकारी शिक्कामोर्तब होते, आणि त्याचा दाखला मालाबरोबर चालतो. २००७ पासून युरोपीय संघातही ‘झाटेत्सचा हॉप’ हे नाव त्या मुलुखापुरते राखीव आहे. साझची रोपे अन्यत्र नेऊन लावण्यास कोणी अडवीत नाही. पोलंडचा लुब्लिन त्याच कुळातला, जर्मनीतील टेटनांग व श्पाल्ट त्याचे भाऊबंद, आणि न्यूझीलंडने त्याच्या रक्तातून मोटुएका ही लिंबूवर्गी गंधाची जात काढली. परंतु माती व हवा बदलली की साझ तो साझ राहत नाही. अमेरिकेत पिकलेला साझ मी वापरून पाहिला आहे. चांगला हॉप आहे, पण तो बाजारात दुसऱ्या नावाने विकावा असे माझे मत आहे.

पिल्सनरच्या बाहेर साझचा संसार लहान, पण सभ्य आहे. बेल्जियमच्या डुव्हेलमध्ये तो आहे, गव्हाच्या हलक्या बिअरमध्ये तो चांगला लागतो, आणि थंड टाकीत थोडा कोरडा घातला, तर गवताळ, तजेलदार छटा देतो. फळांच्या गंधाने ओसंडणाऱ्या आयपीए धर्तीच्या बिअरमध्ये त्याला घालणे व्यर्थ.

अलीकडे झाटेत्सचे शेतकरी चिंतेत आहेत, आणि त्यांची चिंता अनाठायी नाही. कोरड्या, तप्त उन्हाळ्याच्या वर्षी साझमधील अल्फा आम्ल अडीच टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २०५० पर्यंत युरोपातील सुगंधी हॉपमधील हे आम्ल २० ते ३१ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज वर्तविला गेला. मळ्यांवर ठिबकच्या नळ्या आता जागोजाग दिसतात.

पुण्यामुंबईच्या लहान ब्रुअऱ्यांत काम करणारी तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे साझविषयी विचारावयास येतात. त्यांना माझे सांगणे एवढेच असते: घेताना पिकाचे वर्ष व दाखला मागून घ्या, त्या वर्षीच्या अल्फाचा आकडा पाहूनच प्रमाण ठरवा, न्हावाशेव्याहून माल शीत-कंटेनरमधूनच सोडवून आणा, आणि निम्म्याहून अधिक साझ उकळीच्या अखेरीस घाला. स्ट्राँग बिअरकरिता मात्र त्याची खरेदी करू नका. आठ टक्के अल्कोहोलच्या भाराखाली साझ कोणासही कळत नाही, आणि तेथे आमच्या खरेदीप्रमुखांचा हिशेबच बरोबर ठरतो.